अ‍ॅप प्राणी सांभाळत नाही

घरात कुत्रं किंवा मांजर आणू पाहणाऱ्या नोकरदार जोडप्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: वेळ नाही म्हणून कचरू नका, आता सगळं मोबाइलवरून होतं. ठरल्या वेळी दाणे ओतणारं यंत्र आहे, पाण्याचं कारंजं आहे, झोप आणि हालचाल मोजणारा पट्टा आहे. हॉलमध्ये लावायचा कॅमेरा आहे, त्यातून बोलता येतं, खाऊसुद्धा उडवता येतो. मांजर दिवसातून किती वेळा शू करतं हे मोजणारी पेटीही आहे. प्राण्यांच्या दुकानांत, प्रदर्शनांत, जाहिरातींत आणि आता काही पशुवैद्यांच्या बोलण्यातही हाच सूर ऐकू येतो. तुम्ही घरी नसलात तरी प्राण्याचं काही अडणार नाही, उलट त्याची काळजी पूर्वीपेक्षा चांगली घेतली जाईल, असं ठासून सांगितलं जातं. शंका काढणारा जुन्या वळणाचा ठरतो आणि विषय तिथेच संपतो.

मला हे म्हणणं साफ अमान्य आहे. या यंत्रांपैकी काही खरोखर उपयोगी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. माझा आक्षेप आहे तो यंत्राबरोबर फुकट दिल्या जाणाऱ्या वचनावर, की आता माणूस नसला तरी चालतं. ज्या जिवाला स्वतः दार उघडता येत नाही, नळ सोडता येत नाही आणि कुठे दुखतंय ते सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत असं वचन देणं बेजबाबदारपणाचं आहे.

आधी जेवणाचं बघू. अमेरिकेत पेटनेट नावाच्या कंपनीचं ‘स्मार्टफीडर’ हे यंत्र बरंच गाजलं होतं. मोबाइलवर वेळ आणि माप ठरवायचं, यंत्र त्याप्रमाणे वाडग्यात दाणे सोडणार. जुलै २०१६मध्ये कंपनी ज्या बाहेरच्या सर्व्हरवर विसंबून होती तो सुमारे दहा तास बंद पडला आणि काही घरांतल्या यंत्रांनी जेवणाची वेळ चुकवली. कंपनीने ग्राहकांना कळवलं, की अडचण दूर होईपर्यंत आपापल्या प्राण्यांना स्वतः खायला घाला. यंत्राच्या भरवशावर परगावी गेलेल्यांना या निरोपाचा काय उपयोग होता? फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा तेच झालं, आणि या वेळी यंत्रं कित्येक दिवस संपर्काबाहेर राहिली. पुढच्या काही महिन्यांत कंपनीकडचे पैसे संपले. आधीच किंमत मोजून यंत्र विकत घेतलेल्या लोकांकडे तिने वर्गणी मागितली आणि शेवटी सेवाच बंद झाली.

यावर उत्तर येतं, की त्या सुरुवातीच्या अडचणी होत्या, छोटी कंपनी होती, आता हा धंदा स्थिरावला आहे. मग व्हिसलचं काय? कुत्र्यांच्या गळ्यात बांधायचं, ठावठिकाणा आणि हालचाल सांगणारं हे उपकरण २०१६पासून मार्सच्या मालकीचं होतं. पेडिग्री, व्हिस्कस आणि रॉयल कॅनिन बनवणारी ही मार्स, पाळीव प्राण्यांच्या धंद्यातली जगातली एक बलाढ्य कंपनी. २०२५मध्ये व्हिसल ऑस्ट्रियातल्या ट्रॅक्टिव्ह या कंपनीकडे गेली आणि ३१ ऑगस्ट २०२५ला व्हिसलची उपकरणं बंद करण्यात आली. ट्रॅक्टिव्हने ग्राहकांना बदली उपकरण देऊ केलं, हे मान्य. पण काल रात्री व्यवस्थित चालणारी वस्तू आज सकाळी निकामी झाली ती बिघाडामुळे नव्हे, दोन कंपन्यांमधल्या व्यवहारामुळे. कंपनी लहान असो की मोठी, जे यंत्र तिच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हलत नाही त्याची मालकी पूर्णपणे तुमच्याकडे कधी येतच नाही.

आणि कंपनी नीट चालू असतानाही दुसरंच कुणी त्या यंत्रात शिरू शकतं. २०१९मध्ये रशियातल्या एका सुरक्षा-अभ्यासक बाईंनी स्वतःच्या घरचं फरीटेल फीडर, शाओमीशी जोडलेलं, तपासायला घेतलं. त्यांना समोर जगभरातली १०,९५० यंत्रं दिसू लागली. मनात आणलं असतं तर त्या कुणाही अनोळखी घरातल्या मांजराच्या जेवणाची वेळ बदलू शकल्या असत्या. त्यांनी प्रामाणिकपणे कंपनीला कळवलं. प्रत्येक जण तसं करेल असं धरून चालता येत नाही.

आपल्याकडे तर सर्व्हरपर्यंत जायचीही गरज नाही. पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज जाणं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की कॅमेरा आणि फीडर दोन्ही मोबाइलवरून दिसेनासे होतात. ज्या यंत्रात सेल घालायची सोय आहे आणि वेळापत्रक यंत्राच्या आतच साठवलेलं असतं, ते अशा वेळीही काम करतं. तेवढंच यंत्र घेण्याच्या लायकीचं. ब्रिटनच्या शुअरफ्लॅप कंपनीने केलेला एक वाडगा मला याच कारणासाठी पटतो. मांजराच्या कातडीखाली बसवलेल्या चिपचा क्रमांक वाचून तो झाकण उघडतो, दुसरं मांजर आलं तर उघडत नाही. घरात तीन मांजरं असतील आणि त्यांतल्या एकालाच मूत्रपिंडाच्या विकाराचं वेगळं खाणं द्यायचं असेल, तर दिवसभर पहारा देणं कुणालाच शक्य नसतं. हा वाडगा ते काम सेलवर करतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि तो तुम्हाला घराबाहेर राहायचा परवानाही देत नाही.

आता चिपचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्यापायी प्राणी हरवतात. चिप बसवली म्हणजे कुत्रं कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल, असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये बॅटरी नसते. आत पंधरा अंकी क्रमांक असतो आणि वाचनयंत्र अगदी अंगाजवळ नेलं तरच तो दिसतो. तो क्रमांक नोंदणीत तुमच्या चालू फोन नंबरशी जोडलेला नसेल, तर चिपचा काही उपयोग नाही. ठावठिकाणा सांगणारा पट्टा ही वेगळी वस्तू. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून पळालेल्या कुत्र्यासाठी तो पट्टा मी आनंदाने घेईन, फक्त तो चार्ज केलेला हवा आणि त्यातल्या सिमकार्डाला रेंज हवी. त्याऐवजी काही जण एअरटॅग अडकवतात. आसपास अ‍ॅपलचे फोन असतील तरच त्याचा पत्ता लागतो, आणि ते वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही, असं त्याच्या कर्त्यांनीच सांगितलेलं आहे.

यंत्राच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात वजनदार युक्तिवाद आरोग्याचा आहे. माणसाला दिसत नाही ते सेन्सरला दिसतं, आजार तुमच्याआधी त्याला कळतो, असं म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते कुठे लागू पडतं हे सोयीस्करपणे गाळलं जातं. जनावराची हालचाल मोजण्याचं तंत्र वाढलं ते मोठ्या डेअऱ्यांमध्ये. गाय माजावर आली की जास्त चालते, म्हणून १९८०च्या दशकात तिच्या पायाला पावलं मोजणारी उपकरणं बांधायला सुरुवात झाली. इस्रायलच्या अफिकिम किबुत्झवर उभी राहिलेली अफिमिल्क ही कंपनी त्या कामातली अग्रेसर. पुढे मानेच्या पट्ट्यातून गाय किती वेळ रवंथ करते तेही मोजता येऊ लागलं. तिथे ती गरज खरीच होती. शेकडो गाई आणि मोजके कामगार असलेल्या गोठ्यात एकेका गाईजवळ उभं राहायला माणूसच नसतो.

आपल्याकडचा दोन गाईंचा शेतकरी हे सगळं पट्ट्याशिवाय करत आला आहे. धार काढायला बसला की त्याच्या हाताला कास गरम लागते. गव्हाणीत वैरण तशीच पडलेली दिसते. बसलेली गाय रवंथ करत नसेल तर तो दूध बाजूला ठेवून आधी डॉक्टरला फोन लावतो. रोज दोन वेळा त्या जनावराला त्याचा हात लागतो, म्हणून त्याला हे कळतं. तुमच्या घरी एकच कुत्रं आहे. शंभर गाईंमागे एक माणूस असतो तिथे जन्मलेलं तंत्र तुम्हाला विकलं जातं, तेव्हा तुमच्या त्या एका कुत्र्याला हात लावायला घरात कुणी नाही, हे गृहीत धरलेलं असतं. माझं भांडण त्या गृहीतकाशी आहे.

हाताला काय कळतं ते सांगतो. कुत्रं गाढ झोपलं की त्याच्या बरगड्यांकडे बघा. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निवांत झोपलेल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा आकडा मिनिटाला तीसच्या आत असतो. वयस्कर पॉमेरियनच्या हृदयाची झडप गळू लागते, हे त्या कुत्र्यांमध्ये नेहमीचं दुखणं आहे. फुफ्फुसात पाणी साठायला लागलं की हा झोपेतला आकडा चढू लागतो, बहुधा धाप डोळ्यांना जाणवण्याच्या आधीच. दोन-तीन रात्री तो सतत तीसच्या वर राहिला, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. धाप स्पष्ट दिसतच असेल तर दुसऱ्या रात्रीचीही वाट बघायची नाही.

महाराष्ट्रातल्या कुत्र्यांना गोचीडताप तर पाचवीला पुजलेला. गोचीड सापडतो तो कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीच्या बुडाशी. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर या जागी बोटं फिरवली की चिकटलेला दाणा हाताला लागतो. ताप अंगात शिरलाच असेल तर हिरड्या फिक्या पडतात. हिरडीवर बोट दाबून सोडा. उमटलेला पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, मग खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा. पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. पट्टा यातलं काय सांगेल? ‘आज हालचाल कमी’, एवढंच. तेही कुत्रं आजारी पडून मलूल झाल्यावर.

पट्ट्याचं जे श्रेय आहे ते द्यायला हवं. सांधेदुखीसारखा आजार महिनोन्‌महिने इतक्या सावकाश वाढतो, की रोज बघणाऱ्यालाच तो दिसत नाही. वय झालं, म्हणून आपण सोडून देतो. तिथे सहा महिन्यांचा आलेख डॉक्टरच्या हाती आला तर त्याला नक्की मदत होते. मांजराच्या बाबतीत तर मी याहून पुढे जाईन. मांजर दुखणं लपवतं, कोपऱ्यात जाऊन बसतं आणि घरच्यांना वाटतं झोपलंय. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबला तर तो पेटीत वारंवार जातो, जोर करतो, शू मात्र होत नाही. एक-दोन दिवसांत यातून जीव जाऊ शकतो. पेटीत तो किती वेळा गेला आणि किती वजनाची शू झाली हे मोजणारं यंत्र इथे खरोखर प्राण वाचवू शकतं.

पण मग पुढे काय होतं ते बघा. मोबाइलवर सूचना येते सकाळी अकराला. मालक असतो हिंजवडीत, मीटिंगमध्ये. बोका आहे कोथरुडच्या फ्लॅटमध्ये, कुलूपबंद. त्याला टोपलीत घालून रिक्षाने दवाखान्यात नेणारं कुणी आसपास असेल, तर त्या सूचनेला अर्थ. नसेल, तर संध्याकाळी सातपर्यंत मालकाला सगळं माहीत असतं आणि बोका तसाच तळमळत असतो. म्हणून मी म्हणतो, की यंत्र ज्या घरात सर्वांत उपयोगी पडतं ते माणसं असलेलंच घर असतं. विक्रेते मात्र ते विकतात नेमकं दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या घराला.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत अधिकच कडक आहे. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाची किल्ली माझ्याकडे असते. त्यांची कुत्री रस्त्यावरून आणलेली, गुणी, घरात एकटी राहते. एका दुपारी मी तिला औषध द्यायला गेलो होतो. गोळी देऊन मी स्वयंपाकघरात हात धूत असताना हॉलमधल्या स्पीकरमधून तिच्या मालकाचा आवाज आला, लाडाने हाक मारणारा. ती ताडकन उठली. शेपूट जोरात हलवत स्पीकरपाशी गेली, त्याचा वास घेतला. मग मुख्य दाराशी धावली, उंबऱ्यापाशी दाराच्या फटीला नाक लावलं आणि जोरजोरात हुंगत राहिली. तिकडून काहीच वास येईना. परत स्पीकर, परत दार. आवाज बंद झाल्यावर ती दारालाच अंग टेकून बसली आणि बारीक आवाजात रडायला लागली. मी समोर आलो तरी तिचं नाक फटीवरून हलेना. संध्याकाळी मालक भेटले तेव्हा मनापासून खूश होते, आवाज ऐकून ती कशी आनंदली म्हणून सांगत होते. त्यांचा कॅमेरा सोफ्याकडे तोंड करून होता. दार त्यात येत नव्हतं. हे गृहस्थ प्रेमळ आहेत, त्या कुत्रीसाठी वाटेल ते करतील. त्या यंत्राने त्यांना समाधान दिलं आणि कुत्रीच्या वाट्याला अर्ध्या तासाची तगमग आली. हे कळल्यापासून ते दुपारी हाक मारत नाहीत.

असं कोंडून ठेवण्याबद्दल कायदाही बोलतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा. त्याच्या कलम ११मध्ये प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं ही क्रूरता मानली आहेच, शिवाय नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरण्या-पळण्याची पुरेशी संधी न देणं हीसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे धाक काहीच नाही. तरी साठहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला जे कळलं होतं ते आजच्या जाहिरातीला कळत नाही. कोंडलेल्या कुत्र्यावर कॅमेरा लावला म्हणून ते कोंडलेलं राहत नाही असं होत नाही.

त्याच कॅमेऱ्यासमोर आणखी एक माणूस रोज येतो आणि त्याचा विचार कुणीच करत नाही. सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी. कुत्र्यासाठी लावलेला कॅमेरा त्यांना दिवसभर टिपतो, त्यांचं वाकणं, घटकाभर टेकणं, फोनवर मुलाशी बोलणं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे, त्यामुळे मालकावर तो कायदा चालवायची वाटही त्यांना नाही. आणि ही चित्रं घरातच राहतात असंही नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये वाइझ या अमेरिकन कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना एका बिघाडामुळे दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यांतली दृश्यं दिसली. कॅमेरा लावायचाच असेल तर मावशींना आधी सांगा आणि त्या घरात असताना तो बंद ठेवा.

मग नोकरी करणाऱ्यांनी प्राणी पाळूच नयेत का, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. जरूर पाळावेत. फक्त यंत्र घेण्याआधी माणूस बघावा. दुपारी तासभर फिरवून आणणारा मुलगा, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकू, किल्ली सांभाळणारा शेजारी. कॅमेरा, फीडर, पट्टा आणि त्यांच्या वर्गण्या मिळून वर्षाला जो खर्च होतो, त्यातला मोठा हिस्सा फिरवणाऱ्या मुलाच्या पगाराला पुरतो. तो मुलगा आजारपण ओळखतो, पाणी सांडलं तर पुन्हा भरतो आणि वीज गेली म्हणून थांबत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, वाकता न येणाऱ्यांची, रात्रपाळी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपोआप साफ होणारी पेटी किंवा वेळेवर दाणे देणारं यंत्र त्यांना प्राण्यासोबत राहणं शक्य करतं आणि तिथे मी त्याच्या बाजूने उभा राहीन. ते लोक घरात असतात, यंत्र त्यांच्या हाताला मदत करतं.

जोडलेलं तंत्रज्ञान माणसाच्या बाजूने कसं वापरता येतं याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. २०२३मध्ये विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले अडकवले गेले. फोन धरला की कुत्र्याचं नाव, लसीकरण, नसबंदी आणि त्याला खायला घालणाऱ्याचा संपर्क दिसतो. त्या बिल्ल्यात बॅटरी नाही की सेन्सर नाही. त्याची सगळी किंमत अशात आहे, की त्या कुत्र्याला ओळखणारं एक माणूस दुसऱ्या टोकाला असतं आणि बिल्ला वाचणाऱ्याला तिथपर्यंत पोचवतो.

जे हे विकतात त्यांच्याकडे माझ्या मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. प्राण्याच्या अन्नपाण्याशी संबंधित प्रत्येक यंत्र इंटरनेटशिवाय आणि विजेशिवाय निदान दोन दिवस ठरलेलं काम करत राहिलं पाहिजे. सर्व्हर किती वर्षं चालू ठेवणार ते खोक्यावर छापा, आणि तो बंद केलात तर यंत्र साध्या घड्याळावर चालेल अशी सोय आधीच ठेवा. वर्गणी थकली म्हणून वाडगा बंद पडता कामा नये. पट्ट्याने जमवलेली माहिती मालकाला पूर्ण मिळाली पाहिजे, डॉक्टरला दाखवता येईल अशा स्वरूपात. पशुवैद्यांनाही विनंती, की पट्ट्याची शिफारस करण्याआधी मालकाला श्वास मोजायला आणि हिरडी बघायला शिकवा. आणि दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी एवढंच म्हणावं: तुमचा राउटर बंद करा, यंत्राची पिन काढा, आणि आता हे दाणे सोडतंय का ते मला दाखवा.